धुराला धुकं म्हणणारे

फाल्गुनात जव्हारला धुकं पडत नाही. हे मी दर वर्षी कुणाला तरी सांगते आणि दर वर्षी ते माणूस माझ्याकडे अविश्वासाने बघतं. परवा ठाण्याहून भाची आली होती. सकाळी गच्चीवर गेली, समोरचे डोंगर निळसर झालेले बघून दोन्ही हात गालांना लावले आणि म्हणाली, "मावशी, काय धुकं आहे गं! अगदी पेंटिंगसारखं." मी म्हटलं, धूर आहे तो, लोक राब भाजतायत. ती म्हणाली, "असेल, पण मूड कसला आलाय!" मी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि खाली निघून आले. मूड हा शब्द या दिवसांत माझ्यासमोर कुणी काढला की माझं डोकं फिरतं.

राब म्हणजे रोपासाठी जमीन भाजणं. थंडीभर झाडांचं कवळ, म्हणजे पाल्यासकट कोवळ्या फांद्या, तोडून आणायचं. उतारावरच्या एका तुकड्यावर शेण, कवळ, पालापाचोळा, गवत असे थर अंथरायचे, वर माती पसरायची, आणि वारा पडलेला बघून पेटवायचं. त्या आगीत तणाचं बी मरतं, आणि पावसाळ्यात तिथे टाकलेल्या नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप दाट येतं. तेच उपटून मग बाकीच्या उतारावर लावतात. राब गेला तर रोप गेलं, आणि रोप गेलं तर वर्ष गेलं. मोखाड्याच्या पाड्यांवर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी स्वतः चित्रकलेची बाई. खोडाळ्याकडच्या एका शाळेत माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे निसर्गचित्रं काढणाऱ्यांविषयी मी जे बोलते ते घरातलं माणूस घरच्यांविषयी बोलतं तसं आहे, आणि म्हणून जास्त वाईट बोलते. या मंडळींच्या भाषेत चित्रात माणूस काढत नाहीत, 'टाकतात'. फिगर टाकली का? भाजीत मीठ टाकलं का, या चालीवर. कारणंही ठरलेली. डोंगर किती उंच ते कळायला एक फिगर. हिरवा फार झाला म्हणून त्यात लालाचा एक ठिपका, तो ठिपका म्हणजे बाईचं लुगडं. वाट रिकामी दिसते म्हणून मोळीवाला. डोक्यावर हंडा घेतलेली बाई, मोळीवाला, आणि काठी टेकत जाणारा म्हातारा, एवढ्या तिघांवर यांचं सगळं जग चालतं. तिघेही आपल्याकडे पाठ करून चाललेले. चेहरा काढायचा नाही, कारण चेहरा काढला की तो आपल्याकडे बघतो. पाठीचं बरं असतं. पाठ काही विचारत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने गेली आणि आमच्या रस्त्यांवर अचानक गाड्या आल्या. कॅमेरेवाले आले. त्यांना डोंगर नको होते. त्यांना चेहरे हवे होते, तेही अगदी जवळून, डोळे आणि बरगड्या. एकाने तर माझ्यासमोर एका आईला जरा उजेडात सरकायला सांगितलं होतं. ते गेले आणि दोन-तीन वर्षांत चित्रकारांची शिबिरं सुरू झाली. यांना माणसं नको होती. यांना डोंगर हवे होते. म्हणजे एकाने येऊन चेहरे नेले, दुसऱ्याने डोंगर नेले, आणि चेहरा आणि डोंगर एका कागदावर घ्यावा असं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. मला तेव्हाही दोघांचा सारखाच राग येत होता, आजही येतो.

शिबिरं बहुधा थंडीत यायची. दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. तरणीताठी माणसं भिवंडीकडच्या, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोरंबाळं बरोबर नेतात. दाराला कुलूप नसतं, एक काटेरी फांदी आडवी लावलेली असते. चित्रकार त्या फांदीसमोर स्टूल मांडून बसायचे आणि म्हणायचे, काय एकांत आहे! कागदावर ती झोपडी फार सुंदर उतरायची, तपकिरी सावल्या, पडवीत निळा अंधार. खाली नाव, 'मौन'. मौन कसलं? घरातली माणसं विटा थापायला गेली होती.

होळीला मात्र सगळे परत येतात. आमच्याकडे दिवाळीला कुणी नसलं तरी चालतं, पण होळीला भट्टीवरचा माणूस घरी आलाच पाहिजे. पाड्यावर तारपा वाजतो, रात्र रात्र नाच चालतो, आणि नाच संपला की राब. कारण चार-सहा दिवसांत ट्रक येतो आणि सगळ्यांना पुन्हा भट्टीवर घेऊन जातो. त्याच्या आत राब भाजून झाला पाहिजे.

अशाच एका होळीनंतर सूर्यमाळेच्या बाजूला एक शिबिर आलं. या वेळी थंडीत त्यांना सवड नव्हती. बरोबर एक बडे चित्रकार होते, सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत, मीही म्हणत होते. पांढरा झब्बा, गळ्यात चष्मा, आणि कशाकडेही बघताना मान जराशी तिरकी. आमच्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या दोन खोल्या त्यांना दिल्या आणि चहापाण्याला मला नेमलं, चित्रकलेची म्हणून. पहिल्या सकाळी सर एका ऐनाच्या झाडासमोर उभे राहिले. फांद्या छाटून छाटून नुसता गाठाळ बुंधा राहिलेला. ते विद्यार्थ्यांना म्हणाले, "या झाडाची वेदना बघा." मी म्हटलं, "सर, गेल्या महिन्यात त्याचं कवळ तोडलंय. राबासाठी." सर माझ्याकडे वळले. "राब," ते चव घेत म्हणाले. "छान शब्द आहे." आणि पुन्हा वेदनेकडे वळले.

प्रात्यक्षिकासाठी त्यांनी जागा निवडली ती बुधीच्या घरासमोरची. बुधी म्हातारी होती, साठीची असेल. थंडीभर एकटी घरी राहून तिने डोक्यावरून कवळाचे भारे आणले होते, शेण गोळा केलं होतं. मुलगा लहानू आणि सून होळीला भट्टीवरून आले होते आणि तिघांनी मिळून नुकताच राब अंथरला होता. उतारावर तो तपकिरी चौकोन, मागे बोडका ऐन, त्यामागे डोंगराच्या रांगा. सरांना तो तपकिरी फार आवडला. 'वॉर्म' आहे म्हणाले. मुख्याध्यापक लगेच बुधीकडे गेले.

"बुधीबाय, राब इतक्यात भाजू नको. मुंबईचे पाहुणे आहेत. त्यांचं चित्र होऊ दे."

"पोर जाल ना परत," बुधी म्हणाली. "ट्रक येल. मी एकली राब कशी जालू?"

"दोन माणसं मी लावून देतो. शाळेचं काम आहे, एवढं ऐकशील ना?"

शाळेचं काम म्हटल्यावर आमच्या पाड्यांवर कुणी नाही म्हणत नसे. नातवंडं शाळेत असतात. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, अहो, अवकाळीचा नेम नसतो, तिला भाजू द्या. ते म्हणाले, "मार्चमध्ये कसला पाऊस, बाई? तुम्ही चहाचं बघा."

सर पहिले दोन दिवस नुसते बघत बसले. चित्र काढण्याआधी जागा मुरू द्यावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. लोणच्यासारखी. ते मुरत बसले आणि बुधी पडवीत बसून त्यांच्याकडे बघत राहिली. मला हळूच म्हणाली, "यो दिसभर बसून काय बगतो? त्याला घरचा काय काम नाय?" आमच्याकडच्या बोलीत सगळ्यांना अरे-तुरेच करतात, पोराला, सरपंचाला, देवाला. सरांनाही ती 'तू' म्हणायची. ते त्यांना खटकायचं हे मला दिसायचं आणि मनातून फार बरं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी मागितलं गेलं. जलरंगाला पाणी लागतं, आणि त्या दिवसांत सूर्यमाळेच्या पाड्यांवर पाणी म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रात खणलेल्या खड्ड्यातून वाटीवाटीने भरून आणलेला हंडा. बुधीच्या सुनेने एक तांब्या दिला. सरांनी त्यात कुंचला बुडवला, पाणी निळं झालं, ते त्यांनी ओतून दिलं आणि तांब्या पुढे केला. "आणखी थोडं. स्वच्छ लागतं."

"पियाचा पानी हाय," सून म्हणाली.

"हो, मग कागदही पितोच ना!" असं म्हणून सर हसले. विद्यार्थीही हसले. दोघांनी तर हे वाक्य वहीत लिहून घेतलं. सुनेने दुसरा तांब्या भरून दिला, आणि मी त्या दिवशी त्यांच्यासाठी चहा केला नाही. चहाला पाणी नाही म्हणून सांगितलं. एवढाच काय तो माझा पराक्रम.

मग पश्चिमेकडून ढग आले. काळे, खालून जांभळे, कडेला पिवळा उजेड. चित्रकार मंडळी वेड्यासारखी झाली. कुणी कागद फाडतंय, कुणी रंग पिळतंय. सर उभे राहिले, हात वर केले आणि म्हणाले, "आला! मूड आला!" मी त्या वेळी बुधीकडे बघितलं. तीही त्याच ढगाकडे बघत होती. तिच्या तोंडावर जे होतं त्याला मूड म्हणत नाहीत. त्याला भीती म्हणतात. आभाळ एकच होतं. एकाला त्यात चित्र दिसत होतं आणि एकीला त्यात वर्षाची नागली बुडताना दिसत होती. मूड आभाळात असतो असं आम्हाला चित्रकलेच्या वर्गात शिकवलं होतं. साफ खोटं आहे ते. ज्याचं खाली काही पसरलेलं नसतं त्याला मूड दिसतो.

ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. बुधी चुलीतलं जळतं लाकूड घेऊन उठली. मुख्याध्यापक धावत आडवे आले. "थांब, थांब, पाहुण्यांचं होऊ दे." सरही तिकडून ओरडले, "आजी, दहा मिनिटं! हे ढग पुन्हा यायचे नाहीत."

"येल ना, पानी घेऊन येल," बुधी म्हणाली. "तू काढ तुझा. मी जालते माझा."

तरी मुख्याध्यापकांनी तिला धरून ठेवलंच, हाताने नाही, बोलण्याने. पोरांचं बघ, शाळेचं बघ, पाहुण्यांचं बघ. लहानू लांब उभा राहून मान खाली घालून ऐकत होता. शेवटी ती त्यांना वळसा घालून गेली आणि तिने राबाच्या कोपऱ्याला आग लावली. लहानू आणि सून ओल्या फांद्या घेऊन कडेने उभे राहिले. धूर उठला, दाट, पांढरा, जमिनीलगत सरकणारा, आणि सरांसमोरचा डोंगर दिसेनासा झाला. ते आधी चिडले. मग मान तिरकी केली. मग हसले. "अरे, हे तर फारच छान झालं."

हात चांगला होता त्यांचा, खोटं कशाला बोलू? ओल्या कागदावर त्यांनी तो धूर असा सोडला की मी श्वास रोखून बघत राहिले. त्यात बुधी आली. वाकलेली, हातात फांदी, धुरात अर्धी बुडालेली. चारच फटकारे, पण ती बुधीच होती, तिचा उजवा खांदा तसाच वर होता. लुगडं तेवढं लाल केलं होतं, खरं तर ते मातकट होतं. मला वाटलं, चला, निदान एकदा तरी. तोवर सर दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "नको. माणूस आला की एकटेपणा जातो." त्यांनी स्पंज तांब्यात बुडवला आणि बुधीला पुसून टाकलं. ज्या तांब्यातलं पाणी तिच्या सुनेने मैलभरावरून आणलं होतं, त्याच तांब्यात.

"सर, ती तिथे आहे," मी म्हटलं. बुधी हाकेच्या अंतरावर खोकत होती.

"तिथे आहे, बाई," ते शांतपणे म्हणाले. "चित्रात नाही."

पहिले थेंब टपोरे पडले, मग गारा. मंडळींनी बोर्ड आवरले, प्लास्टिकचे मोठे कागद काढले, चित्रं त्यात नीट गुंडाळली आणि शाळेकडे पळाली. इतकं प्लास्टिक होतं त्यांच्याकडे! राब निम्मा भाजून झाला होता. उरलेल्यावर पाऊस असा कोसळला की शेण, पाला, माती, सगळं उतारावरून ओढ्यात गेलं. लहानू आणि सून हातांनी अडवत होते. बुधी अडवत नव्हती. ती भाजलेल्या निम्म्यात उभी होती. ते निम्मं तरी झालं, असं तिच्या मनात असेल किंवा नसेल, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. सकाळी ट्रक आला. पुन्हा कवळ तोडावं तर झाडांवर पाला नव्हता आणि नव्याने राब अंथरून भाजायला लहानू नव्हता. मुख्याध्यापकांची ती दोन माणसं अजून यायची आहेत.

त्या पावसाळ्यात बुधीने अर्ध्याच उतारावर नागली लावली. बाकीच्या अर्ध्यावर गवत वाढलं. लहानू त्या वर्षी दिवाळीसाठी थांबला नाही, दसऱ्यालाच भट्टीवर गेला.

हिवाळ्यात मुंबईत प्रदर्शन भरलं. मला बोलावणं आलं होतं आणि मी गेले, मुद्दाम गेले. ते चित्र मधल्या भिंतीवर होतं. खाली नाव, 'पहाटधुके, सूर्यमाळ'. भर दुपारचं चित्र! समोर एक गृहस्थ आपल्या बायकोला समजावत होते, "हा उजेड बघ. या एका जागी कागदाचा पांढरा कसा राखून ठेवलाय. सगळी शांतता इथून येते." मी वाकून बघितलं. राखून ठेवलेला पांढरा कसला? स्पंज घासून कागदाची साल निघाली होती. बुधी जिथे उभी होती, नेमकी ती जागा. सगळ्यांना तीच आवडत होती.

सर भेटले. मी त्यांना सांगितलं की त्या बाईचा अर्धा राब वाहून गेला, अर्धी जमीन पड राहिली. त्यांना खरंच वाईट वाटलं. डोळे मिटून घेतले त्यांनी. "अरेरे," म्हणाले. "पण आजी चित्रात अमर झाली म्हणायची." आपण तिला पुसलं हेसुद्धा या माणसाच्या लक्षात नव्हतं. दुष्ट माणसाचा राग करता येतो. याचा राग करायचा तर त्याच्या आत कुणी तरी असायला हवं होतं.

पुढच्या होळीच्या आधी मुख्याध्यापकांचा पाड्यावर निरोप गेला. पाहुणे पुन्हा येणार, जागा त्यांना फार आवडली आहे, कुणी घाई करू नये. बुधीने तो सगळ्यांना ऐकवला. काय ठरलं, कुणी ठरवलं, मला कुणी सांगितलं नाही. मी एवढंच पाहिलं की होळीची राख गार व्हायच्या आत सगळा पाडा उतारांवर उतरला. एकेकाचा राब सगळे मिळून भाजत होते, बुधीचा सगळ्यांत आधी. खोडाळ्याच्या बाजारातून धूर दिसत होता. मी शाळेच्या ओट्यावर उभी राहून तो बघितला, आणि मला इतका आनंद झाला की वर्गातली पोरं बघत असतानाही मी एकटीच हसत सुटले.

दोन दिवसांनी बस आली. सर उतरले, मागे तिरक्या मानेचे विद्यार्थी. समोर उतारच्या उतार काळे पडलेले, वर राख भुरभुरत होती. मध्ये बोडके ऐन. आणि भाजल्या जमिनीच्या कडेने अख्खा पाडा भाकरी खात बसला होता. तोंडं काळी झालेली, डोळे धुराने लाल. कुणाचीही पाठ आमच्याकडे नव्हती. सगळे तोंड वर करून थेट सरांकडे बघत होते. सरांनी चष्मा लावला, काढला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. माणसं नाहीत अशी जागा त्यांना कुठेच सापडेना.

"छे," ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "इथे काढण्यासारखं काही राहिलंच नाही."

बुधी जवळच बसली होती. तिने तोंडातला घास सावकाश गिळला आणि त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मंग जा."